गाडी सारखी कोकलते, बंदच करून टाकू का ते सगळं?

पत्र मोठं होतं, थोडक्यात सांगते. ओळख पटेल असं काढून टाकलंय.

पुण्यातली वाचक, वय ३८, घर कोथरूडच्या बाजूला, ऑफिस हिंजवडीत. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहाचा. सकाळी दोघांना शाळेत सोडून ती पुढे कामाला. म्हणते, "मी लहानपणापासून विसराळू आणि धांदरट, म्हणून हप्ता जड जात असूनही मुद्दाम अ‍ॅडासवालं टॉप मॉडेल घेतलं (म्हणजे कॅमेरा-रडारनं रस्ता बघून इशारा देणारं, वेळ आली तर आपणहून ब्रेक मारणारं), म्हटलं माझं लक्ष नसेल तिथे गाडीचं असेल." गाडीला आता चौदा महिने झालेत. जूनमध्ये शाळेच्या गेटपाशी उभ्या व्हॅनच्या मागून एक मूल पळत आलं, हिचा पाय ब्रेकवर जायच्या आधी गाडीनंच ब्रेक मारला आणि मूल वाचलं. पण तीन आठवड्यांपूर्वी एक स्कूटरवाला पुढे घुसला, गाडीनं परत कचकन ब्रेक मारला आणि मागचा टेम्पो बंपरवर आला. क्लेम करायला गेली तर विमा संपलेला, आणि तेव्हाच कळलं की पीयूसीही संपलेली. नवरा म्हणतो ते सगळं बंद करून टाक, पुण्यात असलं चालत नाही. सासरे म्हणतात असल्या खेळण्यांनी हात बिघडतो. आणि ती विचारते, "मावशी, बंद करू का? की मीच गाडी चालवायच्या लायकीची नाही, सरळ कॅब लावून टाकू?"

अगं, मावशी म्हटलंयस म्हणून मीही अगंतुगंच करते, चालेल ना.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना पेन घेऊन बसले. जूनचा प्रसंग किती वाजताचा? सकाळी, शाळा भरायच्या पाच मिनिटं आधी. टेम्पोवाला? सकाळी, "त्या दिवशी जरा जास्तच उशीर झाला होता" असं तूच लिहिलंयस. सिग्नल तोडल्याचं चलन आलं तेही सकाळचंच. आणि त्याच पत्रात खाली लिहितेस की मागच्या महिन्यात वाईला जाऊन आलो, जाताना-येताना मीच चालवली, खंबाटकीसुद्धा, आणि गाडी एकदाही ओरडली नाही. मग मला सांग, जी बाई खंबाटकी घाट नीट चालवते ती कोथरूडात आली की तिचं ड्रायव्हिंग कुठे जातं? कुठेच जात नाही. वाईला तुम्ही आरामात निघाला होतात, एवढाच फरक मला दिसतो. लायकीचा प्रश्न आहे असं मला वाटतच नाही, तू रोज सकाळी उशिरा निघतेस आणि तो उशीर गाडीत बसून भरून काढायला बघतेस.

आता तो भरून निघतो का तेही बघू. शाळा सहा किलोमीटर म्हणतेस. सकाळच्या गर्दीत सरासरी २०चा वेग धर, १८ मिनिटं लागतात. तू कट मारत, हॉर्न वाजवत, पिवळ्यावर घुसत सरासरी २४ काढलीस (आणि ती निघते की नाही कोण जाणे, पुढचा सिग्नल बसलेलाच असतो) तर १५ मिनिटं. म्हणजे एवढी सगळी जिवाची ओढाताण करून हातात काय आलं तर तीन मिनिटं, तेवढ्यात चहासुद्धा नीट उकळत नाही गं.

तरी आधी तुझ्या मूळ प्रश्नाचं बोलते, बंद करायचं की नाही. नवऱ्याचं म्हणणं मी अगदीच उडवून लावणार नाही कारण त्यात थोडं तथ्य आहे. या सिस्टिमला बहुतेक गाड्यांत डोळे दोन, एक कॅमेरा वर काचेला आरशाच्या मागे आणि एक रडार पुढे जाळीच्या किंवा बंपरच्या आत. त्यांना पट्टे दिसले तर लेन कळते, पुढच्या गाडीचं अंतर आणि वेग कळला तर धडक होणार की नाही याचा हिशोब होतो. आपल्याकडे पट्टे पुसलेले, नाहीतर जुनेही दिसतात नि नवेही, आणि पुढच्या गाडीशी तू अंतर ठेवलंस की त्या जागेत दोन स्कूटर आणि एक रिक्षा येऊन बसते. तिला वाटतं आता धडकलो, ती ओरडते. यात तिची चूक नाही, तुझीही नाही.

पण "ते सगळं" असं काही एक बटण नसतं ना! नवरा सगळं एकाच पोत्यात घालतोय. सुटं करून बघ. लेन सोडली की स्टिअरिंग ओढणारी जी सोय आहे ती शहरात बंद ठेवलीस तर माझी काही हरकत नाही, बऱ्याच गाड्यांत ती तशीही कमी वेगाला गप्पच असते, हायवेला लागलीस की चालू कर. क्रूझ, जे पुढच्या गाडीमागे आपोआप जातं, ते शहरात वापरूच नकोस, घाटात नको, जोराच्या पावसात तर नकोच. पण धडक टाळायला आपणहून ब्रेक मारते ती सोय बंद करू नकोस. तीच तर जूनमध्ये कामाला आली. त्या पोराच्या आईला विचार बंद करू का म्हणून. बऱ्याच गाड्यांत इशारा लवकर द्यायचा, मध्यम की उशिरा हे सेटिंग असतं, तू सांगतेस त्यावरून तुझी गाडी शोरूममधून आली तशीच आहे, मॅन्युअल प्लास्टिकच्या पिशवीत. ते बाहेर काढ (मराठीत मिळालं तर उत्तम, बहुतेक नसणार) आणि शहरापुरता इशारा मध्यमवर आणून बघ. अर्धी कोकल त्यातच थांबेल.

आणि एक प्रयोग कर. एक आठवडा, ऑफिसात पोचून गाडी बंद केली की उतरायच्या आधी आठवायचं, आज किती वेळा ओरडली आणि त्यातल्या किती वेळा खरं होतं. खरं म्हणजे, मी पुढच्याच्या बुडाला चिकटले होते, किंवा माझी नजर खाली फोनकडे होती. दोन आकडे लिही, बास. माझा अंदाज असा की तुला वाटतं तेवढी ती खोटं ओरडत नाही. फोनचं म्हणशील तर ४० च्या वेगाला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे 'कुणाचा मेसेज आहे एवढंच बघते' म्हणत तीन सेकंद खाली बघितलंस तर ३३ मीटर, पीएमपीच्या जवळजवळ तीन बस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढं अंतर, तू डोळे मिटून पार केलंस. तिथे गाडी ओरडली तर तिचं काय चुकलं.

अजून एक, सोपं आहे पण कुणी सांगत नाही. काचेवर आरशाजवळ काय काय चिकटवलंय ते बघ. फास्टॅग, सोसायटीचा पार्किंगचा स्टिकर, शाळेचा, ऑफिसचा... कॅमेऱ्यासमोर काही आलं असेल तर काढून बाजूला लाव. आरशाला काही लोंबत असेल तर ते पण. आणि दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा भलामोठा हार घालतो तो नेमका जाळीवर येतो, रडारच्या तोंडावर, आणि पुढे चार दिवस सुकत तसाच असतो. पूजा झाली, फोटो झाला, की चालवायच्या आधी हार उतरव, देवाला राग येत नाही. पुढची काच कधी बदलावी लागली तर कॅमेरा परत जुळवून घ्यावा लागतो हेही लक्षात ठेव, नुसती काच बसवून देणाऱ्याकडे जाऊ नकोस.

हे झालं तुझ्या प्रश्नाचं. पण पत्रातलं एक वाक्य असं आहे की ज्यावर तू प्रश्नच विचारलेला नाहीस आणि मी तिथेच अडकले. तू लिहितेस, "मागच्या सीटचा बेल्टचा बीप नको म्हणून बेल्ट पाठीमागून लावून ठेवलेत, नाहीतर धाकटा दोन सीटच्या मध्ये उभा राहतो तेव्हा सारखं वाजतं."

अगं बाई.

तू गाडी अशी घेतलीस की जी आपणहून, तुला न विचारता, पूर्ण जोर लावून ब्रेक मारते. आणि अशा गाडीत सहा वर्षांचं पोर मध्ये उभं. तिनं जूनमध्ये ब्रेक मारला तेव्हा तो कुठे होता? तू लिहिलं नाहीस, आणि खरं सांगते, मला विचारायची भीती वाटते. साध्या गाडीत निदान ब्रेक मारायच्या आधी आईचा हात आपोआप मागे जातो, "धर रे" म्हणून (त्याचाही काही उपयोग नसतो, पण जातो). इथे तुलाच आधी कळत नाही तर त्याला काय कळणार. म्हणजे गाडी जितकी शहाणी तितका मागचा बेल्ट जास्त लागतो. कायद्याचं म्हणशील तर १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा मुलांची सीट नसताना नेलं तर चालवणाऱ्याला हजार रुपये दंड आहे, पण दंडाचं जाऊ दे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, ते मागे बसले होते आणि बेल्ट नव्हता, तेव्हा महिनाभर सगळ्यांनी मागचे बेल्ट शोधून काढले, सीट कव्हरच्या खाली दडलेले. मग परत दडले. त्याच वर्षी देशात बेल्ट न लावलेली १६,७१५ माणसं गेली, आणि त्यातली जवळजवळ निम्मी गाडी चालवत नव्हती, नुसती बसलेली होती.

तर मुलाला बूस्टर सीट घे. सहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा बेल्ट गळ्यावर येतो, म्हणूनच तो काढून टाकतो, त्याला टोचतो तो, हट्ट नाहीये तो. खाली बूस्टर आला की पट्टा खांद्यावर बसतो आणि उंचीमुळे त्याला खिडकीबाहेरही दिसतं, मग मध्ये उभं राहायचं कारणच उरत नाही. साधारण पावणेपाच फूट उंची होईपर्यंत वापरायचा. मुलगी मोठी आहे, तिला बेल्टची इन्चार्ज कर, ती भावाचं क्लिक ऐकेपर्यंत तू गाडी हलवायची नाही. मुलींना असले अधिकार फार आवडतात, दोन दिवसांत ती तुलाच ओरडायला लागेल.

मोकळ्या वस्तूंचंही असंच. तू लिहिलंयस मागे दप्तरं, डबे, स्टीलच्या बाटल्या, जिमची बॅग, देवळातून आणलेला नारळ "दोन आठवडे फिरतोय". नारळावरून आठवलं. माझ्याकडे मारुती ८०० होती तेव्हाची गोष्ट, चिपळूणहून कराडला येत होते, मागे पोतंभर नारळ, पोत्याचं तोंड नीट बांधलं नव्हतं कारण निघताना घाई. कुंभार्ली चढताना काही नाही झालं, सगळे मागे सरकलेले. वर आल्यावर उतार लागला, वळणावर ब्रेक दाबायला गेले तर पेडल खाली जाईना. सीटखालून एक नारळ घरंगळत येऊन बरोब्बर ब्रेकखाली बसला होता. हँडब्रेक ओढत, दुसऱ्या गिअरमध्ये टाकून कशीबशी कडेला घेतली, नवरा शेजारी झोपलेला, त्याला अजून हे खोटं वाटतं. त्या दिवशी गाडीत कितीही कॅमेरे असते तरी पायाखालचा नारळ कुणाला दिसला असता? म्हणून एक साधा खोका किंवा जाळीची टोपली डिकीत ठेव, दप्तरं डिकीत, बाटल्या दारातल्या खाचेत, चालवणाऱ्याच्या पायाशी काहीही म्हणजे काहीही नको, पर्ससुद्धा. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला गणपती असेल तर तो एअरबॅगच्या झाकणावर तर नाही ना ते बघ. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते आणि मूर्ती थेट शेजारच्याच्या तोंडावर येते. मधोमध, छोटा, नीट चिकटवलेला बाप्पा ठेव.

आता सकाळचं. तू म्हणतेस ८ वाजता निघायचं ठरवते आणि रोज उशीर होतो. ८ ला म्हणजे नक्की काय? माझ्या सुनेशी हाच वाद झाला होता, तिच्या डोक्यात ८ म्हणजे दाराला कुलूप. कुलूप लावून लिफ्टची वाट बघायची, लिफ्ट वरच्या मजल्यावर कुणीतरी धरून ठेवलेली, मग पार्किंग, मग समोर आडवी लावलेली कुणाची तरी बाईक सरकवायची, दप्तरं, बेल्ट, आरसा, फोन जोडायचा, मॅप लावायचा, रिव्हर्स, वॉचमननं गेट उघडायचं. घड्याळ लावून मोजलं आम्ही, नऊ मिनिटं! ही नऊ मिनिटं कुणाच्याच हिशोबात नव्हती, आणि तीच रोज रस्त्यावर वसूल करायला निघायची पोरगी. तूही एकदा मोज. मग गजर ८ चा न लावता चपला घालायच्या वेळेचा लाव. आणि जे रात्री होऊ शकतं ते रात्री, किल्ली एकाच खिळ्याला, डबे सोडून बाकी सगळं दाराशी. यात नवीन काही नाही, तुझ्या आईनं शंभरदा सांगितलं असेल. तरीही एखाद्या दिवशी उशीर होणारच, तेव्हा निघायच्या आधी, हो आधी, शाळेच्या ग्रुपवर एक मेसेज टाक की दहा मिनिटं उशीर होतोय. एकदा उशीर कबूल केला की पाय आपोआप हलका पडतो, करून बघ.

पण "मी विसराळू" हे तू इतक्या वेळा लिहिलंयस की मला जरा राग आला, तुझा नाही. गाडी शनिवार-रविवार नवरा चालवतो, सासऱ्यांचे दवाखाने त्याच गाडीत होतात, मग पीयूसी संपली ती तू एकटी विसरलीस का? घरात तीन मोठी माणसं आहेत. तुला दोन मुलांचे डबे, दप्तरं, दोन शाळांचे दोन ग्रुप आणि ऑफिस लक्षात राहतं, एक पीयूसी राहिली तर तू धांदरट? गाडीचे कागद सासऱ्यांकडे दे. खरंच दे. ज्यांना वाटतं खेळण्यांनी हात बिघडतो, त्यांना तारखा चांगल्या सांभाळता येतात, आणि त्यांना कुणी काही काम दिलं की बरं वाटतं. कॅलेंडरवर, भिंतीवरच्या, लाल पेनानं.

विम्याबद्दल, तू फसली नाहीस, हा घोळ खूप जणांचा होतो. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या कारला थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, त्यामुळे सगळ्यांना वाटतं तीन वर्षं बघायला नको. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेकांनी एकाच वर्षाचा घेतलेला असतो, तो वर्षानं संपतो, गुपचूप. म्हणजे पोलिसानं अडवलं तर तुझा थर्ड पार्टी चालू आहे, विमाच नाही असं नाही, पण बंपर तुझ्या खिशातून. पीयूसीचंही तेच, नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही, मग सवय होते, आणि वर्ष संपलं की लागते, दंड दहा हजारापर्यंत आहे. कागद डिजिलॉकरमध्ये टाकून ठेवलेस की मूळ कागदाइतकेच चालतात, ग्लव्ह बॉक्समधला तो फुगलेला फोल्डर रिकामा होईल.

नवऱ्याला एक निरोप. तू जाता जाता लिहिलंयस की एक्सप्रेसवेला हेच महाशय मित्रांना दाखवायला हात सोडून देतात. शहरात म्हणे सिस्टिम बेकार, आणि शंभरच्या वेगाला तिच्यावर एवढा भरवसा! त्यांना सांग, आपल्याकडे ज्या गाड्या मिळतात त्या जास्तीत जास्त दुसऱ्या पायरीच्या (लेव्हल २), म्हणजे मदतनीस, ड्रायव्हर अजून माणूसच, हात स्टिअरिंगवरच हवेत. आणि हे क्रूझ चालत्या गाडीमागे छान जातं, पण लेनमध्येच बंद पडलेला, मागे झाडाची फांदी आणि चार दगड ठेवून उभा केलेला ट्रक तिला वेळेत ओळखता येईल याची खात्री गाडी बनवणारेसुद्धा देत नाहीत, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. तेच मॅन्युअल, पिशवीतलं.

कॅबचं म्हणशील तर आठवड्यातून एखाददुसरा दिवस, जेव्हा रात्री झोप झाली नाही किंवा सकाळी आठलाच मीटिंग आहे, तेव्हा जरूर कर, त्यात हार कसली. पण रोज नको. कॅबच्या मागच्या सीटला बेल्टचं बक्कल सापडलं तर मला कळव. आणि तुला गाडी चालवायला आवडते, वाईचं लिहिलंयस त्यात दिसतंच, मेणवलीच्या घाटावर गाडी लावून चहा प्यायलात वगैरे.

बाकी सगळं रविवारी कर, बूस्टर, स्टिकर, सेटिंग, टोपली. मागचे बेल्ट मात्र आज रात्रीच सोडव. आणि विमा आजच. गाडीला चौदा महिने म्हणजे विमा संपून दोन महिने झाले, ९० दिवसांच्या आत घेतलास तर पहिल्या वर्षाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट), २० टक्के, टिकतो, पुढे गेलीस की गेला. गाडी बघायला माणूस येईल, त्याला बंपरचं आहे तसं दाखव, पुट्टीबिट्टी लावून लपवू नकोस. आणि फोनवर कुणी घाई करायला लागलं की मॅडम आत्ता लगेच पेमेंट करा, तर ठेवून दे, दुसऱ्याकडून घे, अजून महिना आहे तुझ्याकडे.